घारापुरीची वजाबाकी

२७ मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि जवळपास ५ मीटर उंच. घारापुरीच्या मुख्य लेण्यातल्या मधल्या चौकाची ही मापं. गुणाकार केला तर ३,६४५ घनमीटर होतात. त्यातून खांबांची जागा वजा करा, शिवलिंगाच्या गाभाऱ्याच्या जाड भिंती वजा करा, तरी ढोबळमानाने ३,३०० घनमीटर पोकळी उरते. आज जिथे आपण मान वर करून छत बघतो, तिथे एके काळी डोंगर होता. काळा, घट्ट, सलग डोंगर. एक घनमीटर बेसॉल्ट सुमारे २.८ टन भरतो. म्हणजे या एका चौकातून ९,२०० टनांच्या आसपास दगड निघाला. यात तीन बाजूंच्या ओसऱ्या धरलेल्या नाहीत, पूर्व-पश्चिमेची अंगणं धरलेली नाहीत आणि बेटावरची बाकीची लेणीही धरलेली नाहीत.

बांधलेलं देऊळ बघताना आपल्याला वापरलेला दगड दिसतो, त्यामुळे मेहनतीचा अंदाज डोळ्यांना आपोआप येतो. लेण्यात मेहनत झाली ती सगळी निघून गेलेल्या दगडावर, आणि तो तर समोर नाही. म्हणून गेटवेहून तासाभराचा लाँचचा प्रवास करून, १२० पायऱ्या चढून आलेला माणूस त्रिमूर्तीपुढे फोटो काढतो आणि ज्या पोकळीत तो उभा आहे तिच्याकडे लक्ष न देता परत जातो. मला नेहमी वाटतं, घारापुरी कळायची असेल तर आधी वजाबाकी करायला बसावं.

तर ९,२०० टन. एका घमेल्यात वीस किलो डबर भरली, तर साडेचार लाखांहून जास्त घमेली होतात. एका माणसाने दर पाच मिनिटांना एक खेप टाकली आणि रोज दहा तास काम केलं, तर एकट्याला नुसतं उचलून बाहेर टाकायला साडेदहा वर्षं लागतील. दहा माणसं लावली की हेच काम वर्षभरात उरकतं. म्हणजे वाहून नेणं हा या कामातला सोपा भाग. तो सगळा दगड एक फूट जाडीने पसरला तर पावणेतीन एकर जमीन झाकली जाईल.

अवघड भाग फोडण्याचा. पाथरवटाच्या हातात छिन्नी, हातोडा आणि पहार. सुरुंग नाही, यंत्र नाही. समजा, एका कारागिराने दिवसाला एक घनफूट दगड काढला. एक घनफूट म्हणजे जवळपास ऐंशी किलो बेसॉल्ट. या चौकात असे १,१६,००० हून अधिक घनफूट आहेत. पन्नास कारागीर, वर्षाला अडीचशे दिवस, तर नऊ वर्षांहून अधिक काळ. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, त्या काळची हजेरी कुणी लिहून ठेवलेली नाही. पण त्यात एक गोष्ट धरलेलीच नाही, ती म्हणजे मूर्ती. छत सपाट करणं, खांब गोल करणं, खांबाच्या माथ्यावरची उशी कातणं आणि मग देवाच्या ओठांपर्यंत पोचणं या सगळ्याला घनफुटाचा हिशेब लागू पडत नाही.

हा दगड आला कुठून, हेही बघायला हवं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकावर एक थर साचत गेले. आज जी पाच लाख चौरस किलोमीटरची काळी जमीन आपण दख्खनचं पठार म्हणून ओळखतो, ती त्याचीच. सह्याद्रीचे कडे त्याचेच, अजिंठा-वेरूळचा दगड तोच आणि समुद्रात सुटी पडलेली घारापुरीही तीच. बेटाची लांबी साधारण २.४ किलोमीटर. दोन टेकड्या, मध्ये खोलगट भाग, उंची दीडशे मीटरच्या आसपास. आता त्या दगडाचं सगळं वय बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरून ठेवू. साडेसहा कोटी वर्षं म्हणजे २.४ किलोमीटर. लेणी सहाव्या शतकाच्या मध्याची धरली तर त्यांचं वय साधारण १,४५० वर्षं. या मापात ती किती जागा घेतात? सव्वापाच सेंटिमीटरांच्या जरा वर. दोन इंच! आपला सगळा इतिहास, म्हणजे कलचुरी, कोकणचे मौर्य, चालुक्य, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आणि आपण, त्या दोन इंचांत मावतो.

त्या दोन इंचांच्या सुरुवातीला कोण होतं, याचा मागही नाण्यांवरून काढावा लागतो. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची तांब्याची, कमी किमतीची नाणी या बेटावर बरीच सापडली. एवढी हलकी नाणी राजदरबारात खुळखुळत नाहीत, ती मजुराच्या हातावर पडतात. म्हणून काही अभ्यासक ती लेण्यांच्या कामाशी जोडतात. ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो जहाजं घेऊन ‘पुरी’ जिंकल्याचं सांगितलंय. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं काहीजण मानतात आणि काहीजण मानत नाहीत.

या वादाची गरजच पडली नसती, कारण लेण्यावर एक शिलालेख होता. १५३४ मध्ये वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांकडे गेली. दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय, की लेण्याच्या दारावरचा लिहिलेला दगड काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला गेला. तिसऱ्या जुआंवने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, पण वाचणारा कुणी मिळाला नाही आणि पुढे तो दगडच हरवला. नऊ हजार टन काढल्यावर जो डोंगर उरला, त्यातून लिहिलेला एक दगड गेला आणि त्याच्याबरोबर करणाऱ्याचं नाव, वर्ष, कारण, कदाचित खर्चाचा आकडाही गेला. वजनात बघितलं तर हे नुकसान मोजण्यातही येणार नाही. मला मात्र बेटावरची सगळ्यात मोठी वजाबाकी हीच वाटते.

आता त्रिमूर्तीपुढे उभं राहू. लोक त्रिमूर्ती म्हणतात, अभ्यासक सदाशिव म्हणतात. दक्षिणेच्या भिंतीत सुमारे तीन मीटर खोल कोनाडा आणि त्यात छातीपासून वरचा साडेपाच मीटरांचा शिव. तीन मुखं दिसतात. मधलं शांत, डावी-उजवीकडची एक उग्र आणि एक कोमल. इथे एक साधा हिशेब करून बघा. ही फक्त वरच्या भागाची मूर्ती आहे. मुकुटासकट छातीपर्यंतचा भाग पूर्ण उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा धरला, तर हा देव उभा राहिल्यावर साडेसोळा मीटरांचा होईल. म्हणजे पाच मजली इमारत. आणि छत तर त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर. शिल्पकाराने एवढ्या बुटक्या खोलीत साडेसोळा मीटरांचा देव बसवला तो असा, की बाकीचा देव जमिनीखाली आहे असं बघणाऱ्याच्या मनाने आपणच धरून घ्यावं. कोरलेल्या भागाच्या दुप्पट मूर्ती न कोरता तिथे उभी आहे.

आणि हे कोरलं कसं? मातीची मूर्ती करताना चुकलं तर माती लावता येते. लाकडात तुकडा सांधता येतो. इथे एकदा निघालेला दगड परत चिकटत नाही. डोंगरात वरून, बाहेरून आत जात असताना, समोर काळोख्या दगडाशिवाय काही नसताना कुणाला तरी ठाऊक असावं लागतं, की इथून इतक्या हातांवर, इतक्या खोलीवर मधल्या मुखाचं नाक येणार आहे. त्या नाकापुरता दगड पहिल्या दिवसापासून राखावा लागतो. आजूबाजूचा तीन मीटर खोल जायचा आणि तेवढा मात्र पुढे तसाच राहायचा. अशी एक जागा नाही. मुख्य लेण्यात नऊ मोठे शिल्पपट आहेत: नटराज, अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, अंधकासुरवध, योगीश्वर, कैलासावरचे शिवपार्वती, कैलास हलवणारा रावण आणि हा सदाशिव. शिवाय गाभाऱ्याला चार दिशांना चार दारं आणि प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल, प्रत्येक साडेचार मीटरांचा. त्यात प्रत्येक पटात आकाशात उडणारे गंधर्व, गण, देवदेवता. एवढ्या सगळ्यांच्या जागा डोंगर बंद असताना ठरल्या होत्या. जे राखायचं ते आधी ठरवल्याशिवाय काढायला सुरुवातच करता येत नाही. वेरूळच्या कैलासाचा पसारा याहून कितीतरी मोठा आहे, तिथे दोन लाख टनांचा आकडा नेहमी सांगितला जातो. पण कैलास उघड्या आभाळाखाली, वरून खाली कोरत आणलाय. घारापुरीत माथ्यावर पूर्ण डोंगर ठेवून आत शिरायचं होतं आणि उजेड यायचा तो फक्त तीन उघड्या बाजूंनी.

डोंगर माथ्यावर आहे म्हटल्यावर खांबांकडे बघायला हवं. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेसने लेण्याची बारकाईने पाहणी केली, तेव्हाची मोजणी अशी: मोकळे खांब २६, भिंतीला लागलेले अर्धखांब १६. २७ मीटरांच्या चौकाचं क्षेत्रफळ ७२९ चौरस मीटर. ते २६ खांबांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला २८ चौरस मीटर छत येतं. म्हणजे तीनशे चौरस फूट. मुंबईतल्या चाळीतली एखाद्या कुटुंबाची सगळी जागा एका खांबाच्या डोक्यावर, आणि वर मजला नसून टेकडी. बर्जेसच्या मोजणीत त्या २६ पैकी ८ खांब तुटलेले होते. कुठे तळ शिल्लक, कुठे माथा छताला लोंबकळलेला. उरलेल्या १८ जणांवर प्रत्येकी ४० चौरस मीटर आले. तरीही छत खाली आलं नाही. कारण त्या छताला सांधाच नाही. विटेवर वीट नाही, तुळई नाही. डोंगर जसा होता तसाच आहे, खालून फक्त पोकळ केलाय. नंतरच्या काळात तुटलेले खांब पुन्हा उभे करून आधार दिला, तेव्हा आज जाणाऱ्याला ही उणीव सहज दिसत नाही. मूर्तींचे तुटलेले हात-पाय मात्र दिसतात. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर नेमबाजी केली असं सांगितलं जातं. शेकडो पावसाळ्यांच्या झिरपत्या पाण्यानेही आपला वाटा उचललाय. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजाला याच चौकात दिवे लावून मेजवानी दिली होती. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली.

त्या मेजवानीच्या दिव्यांवरून मी बेटावर राहणाऱ्या माणसांकडे येतो. घारापुरीची गोष्ट लेण्यांपाशी थांबवणं हा बेटावरच्या लोकांवर अन्याय आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं, वस्ती हजार-बाराशेंची. आगरी-कोळी माणसं. मासेमारी, थोडी भातशेती, होड्यांची कामं आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना पर्यटकांसाठी लावलेली दुकानं. तालुका उरण, जिल्हा रायगड, पण रात्री समोर दिसते ती मुंबई. आणि त्या दिसण्यातच दुखणं होतं. मुंबईत वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. बेटासमोरच्या तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये उभं राहिलं. तिथल्या क्रेनचे झगझगीत दिवे रात्रभर पाण्यावर पडायचे. आणि या सगळ्यांच्या मधोमध असलेल्या बेटावर डिझेलचं जनरेटर संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू व्हायचं आणि तीन-साडेतीन तासांनी बंद पडायचं.

घारापुरीला तारेने वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुंबईच्या कंपनीनंतर ११३ वर्षांनी, अणुभट्टीनंतर ६१ वर्षांनी, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. बेटावर पसरलेल्या काळाच्या त्या मापात सत्तर वर्षं म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. पण त्या अडीच मिलिमीटरांत तीन पिढ्यांनी अभ्यास कंदिलावर केला, धरलेली मासळी बर्फाशिवाय टिकणार नाही म्हणून मिळेल त्या भावाने विकली आणि रात्री कुणाला दुखलंखुपलं तर अंधारात होडी काढली. दगडाच्या आणि माणसाच्या वेळाला एकच पट्टी चालत नाही.

समुद्राच्या तळाखालून टाकलेल्या त्या केबलची लांबी साडेसात किलोमीटर. बेटाच्या लांबीच्या तिप्पट. खर्च २५ कोटी रुपये. मीटरला तेहतीस हजारांहून थोडा जास्त. माणशी हिशेब केला तर दोन-अडीच लाख. हा आकडा ऐकून ‘एवढ्या थोड्या माणसांसाठी?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी दुसरा आकडा सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो, २१.८ किलोमीटर लांब, त्यातले १६.५ समुद्रावर. त्याचा खर्च सतरा हजार कोटींच्या वर. म्हणजे घारापुरीची वीज या पुलाच्या खर्चाच्या सातशेव्या हिश्शातही बसते. पुलाला बेटावर उतरण नाही. घारापुरीकरांना तो आजही फक्त बघायचा आहे. शेवटची लाँच निघून गेली की पर्यटकांना थांबता येत नाही. बेट पुन्हा त्या हजार-बाराशे माणसांचं होतं, आणि आता निदान पंख्याखाली आणि दिव्याखाली.

एक वजाबाकी अजून राहिली, आणि तीच एक अशी आहे की मनात आणलं तर उलटवता येईल. राजबंदराजवळ पूर्वी एक दगडी हत्ती उभा होता. सुमारे चार मीटर लांब, सव्वादोन मीटर उंच. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते त्याच्यावरून. १८१४ च्या सप्टेंबरात त्याचं डोकं आणि मान गळून पडली, पुढे धडही ढासळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला हलवले गेले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला, आणि आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटावर वर्षाला लाखो लोक जातात, हत्तीचं नाव घेऊन जातात, आणि ज्या हत्तीमुळे ते नाव पडलं तो सरळ रेषेत दहा किलोमीटरांवर भायखळ्यात उभा असतो. तिथे त्याच्यापुढून जाणाऱ्या किती मुलांना तो कुठून आला हे सांगितलं जातं?

त्याला परत नेणं किती अवघड आहे? जिवंत प्राण्याचं अंग पाण्याइतक्याच घनतेचं असतं आणि बेसॉल्ट पाण्याच्या २.८ पट जड. म्हणून तेवढ्याच आकाराच्या जिवंत हत्तीच्या जवळपास तिप्पट वजन या दगडी हत्तीचं असणार. माझा अंदाज दहा-बारा टनांचा. पोटाखाली राखलेला दगड आणि जोडकाम धरून थोडा वाढवा. तरी तो भरलेल्या वीसफुटी कंटेनरच्या वजनाच्या आत राहील, कारण अशा कंटेनरची मर्यादाच तीस टनांपर्यंत असते. आणि घारापुरीच्या समोर, न्हावा-शेव्याला, वर्षाला साठ लाखांहून जास्त वीसफुटी कंटेनरांइतका माल चढतो-उतरतो. म्हणजे दिवसाला सोळा हजारांहून जास्त. सहाव्या शतकात छिन्नीने नऊ हजार टन दगड काढणाऱ्यांच्या बेटावर, दिवसाला सोळा हजार कंटेनर हलवणाऱ्या बंदराला एक हत्ती पोचवता येणार नाही, हे मला पटत नाही. जोडलेला दगड नाजूक असतो, तेव्हा पुरातत्त्वाच्या जाणकारांनी आधी त्याचे सांधे तपासावेत. ते नाही म्हणाले तर नाही. पण त्यांना विचारावं तरी. आणि ते नाहीच म्हणाले, तर राजबंदरला तेवढ्याच मापाची काळ्या दगडाची प्रतिकृती उभी करावी आणि ती कोरायचं काम आपल्या पाथरवटांना द्यावं. हा हात महाराष्ट्रात अजून शिल्लक आहे, आणि चार बाय सव्वादोन मीटरांचं माप तर नोंदलेलंच आहे.